शिट्टीमास्तरांची अकराची हजेरी

मास्तरांबद्दल चार गोड शब्द सांगा म्हणाल तर ते मला जमणार नाही, आधीच सांगते. मला गोड बोलता येत नाही आणि मास्तरांना गोड बोललेलं चालत नाही. म्हणून तर आमचं इतकी वर्षं जमलं.

तलावावर लहानथोर सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात. गळ्यात कायम शिट्टी, झोपतानाही काढतात की नाही देव जाणे. पन्नाशी ओलांडलेली, पोट सुटलेलं, पाय मात्र अजून पोरासोरांचे. त्या निळ्या फरशीच्या तलावावर माणसाने उभी हयात काढली. आधी पाणी साफ करायला लागले, मग जीवरक्षक झाले, मग शिकवायला लागले. पोहायला येणाऱ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पण कोण कुठल्या बाजूला तोंड वळवून श्वास घेतं ते कितीही वर्षांनी विचारा, बरोबर सांगतील.

मी त्यांच्या हाताखाली गेले ती साठी उलटल्यावर. जन्मभर शिवणयंत्रावर वाकून बसलेली बाई मी, पाठीचं पार लाकूड झालेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यात जा. पोहण्याचा पोशाखसुद्धा मी घरीच शिवला, दुकानातला घालायची लाज वाटली असती. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राहिले. मास्तर म्हणाले, "काकू, कठडा पळून जाणार नाही, सोडा." मी म्हटलं, "मी पळून जाईन, तुम्ही आधी गेट लावून घ्या." बाकीच्या बायका पाणी गिळेपर्यंत हसल्या. तिथून आमची सकाळची तुकडी जमली. बँकेतून निवृत्त झालेली एक कॅशियर, एका डॉक्टरची आई, मी, आणि आणखी तिघीचौघी. सगळ्या साठीपुढच्या आणि सगळ्या तोंडाच्या तिखट.

मग ती साथ आली आणि तलावाला कुलूप लागलं.

मास्तरांची बायको इस्पितळात नर्स. रोग घरी यायला नको म्हणून ती तिकडेच राहायला गेली. घरात उरले मास्तर आणि त्यांची एकुलती एक लेक. घर म्हणजे तलावाच्या मागच्या अंगाला कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. तलाव बंद असला तरी पाणी सोडून देता येत नाही. रिकामा ठेवला तर तळाच्या फरश्या उचलतात, आणि भरून नुसता ठेवला तर पाणी हिरवं पडतं. त्यामुळे मास्तर रोज जाळीने पानं काढायचे, औषध टाकायचे आणि दुपारी पंप चालवायचे. कुणी पोहायला येणार नसलेल्या पाण्याची ही एवढी बडदास्त! मी एकदा म्हटलंही, "मास्तर, आता तुमचं पाणीच तेवढं ठणठणीत आहे." ते हसले नाहीत. बायको रोज त्या रोग्यांत, त्यांचा जीव सारखा टांगणीला लागलेला.

त्या काळजीचं काय करायचं ते न कळून की काय, त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांना फोन करायला सुरुवात केली. तलावाच्या साहेबांनी सांगितलं नव्हतं, कामात बसत नव्हतं. सकाळची साफसफाई उरकली की अकराच्या ठोक्याला बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे आणि एकेकीला फोन लावायचे. झोप झाली का, जेवलात का, मन लागतंय का. आणि मग, "आता एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." हा त्यांचा जुना पोहण्यातला धडा. आता त्यावर ते आमची छाती तपासत होते. काल म्हटले त्यापेक्षा आकडे कमी भरले की त्यांचं धाबं दणाणायचं. कॅशियरबाई नोटा मोजल्यासारखे भराभर आकडे उडवायची. "हळू! परत पहिल्यापासून!" मास्तर ओरडायचे. डॉक्टरची आई मधेच चोरून श्वास घ्यायची, तोही त्यांना फोनवरून ऐकू जायचा. आम्ही या प्रकाराला हजेरी म्हणायचो, आणि हजेरी झाली की दुपारभर एकमेकींना फोन करून कुणी किती लबाडी केली त्याच्यावर खिदळायचो.

खरं सांगू? मला त्या दिवसांत एकटं वाटलं नाही. भीती वाटायची, नाही असं नाही. रस्त्यावरून इस्पितळाची गाडी गेली की ती आपल्या गल्लीत वळत नाही ना, म्हणून कान टवकारून बसायचे. पण नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, मुलगा परदेशात. एकटीने जेवायचं, एकटीने दिवा मालवायचा, हे मला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. उलट सगळं जगच माझ्यासारखं राहायला लागलं म्हणून मनातून थोडं बरंच वाटायचं. वाईट खोड आहे, पण आहे. टीव्हीवर जो तो म्हाताऱ्यांच्या नावाने गळा काढत होता. एकटे पडले हो, खचले हो! आणि आम्ही खचलेल्या म्हाताऱ्या फोनवर दात काढत होतो.

मास्तरांच्या लेकीला सगळे मासोळी म्हणायचे. चालायच्या आधी पोहायला शिकली, असं तिची आई म्हणायची. ती लहान असताना मी काठाकाठाने पोहत असले की मुद्दाम शेजारी उडी मारायची आणि माझं डोकं भिजवायची. आगाऊ कार्टी. आता एकवीस वर्षांची होती. शिक्षण संपलं होतं, विमानतळावर पहिली नोकरी लागली होती, दुसऱ्या शहरात मैत्रिणींबरोबर खोली ठरली होती, बॅग भरून झाली होती. आणि सगळं बंद पडलं. कंपनी आधी थांबा म्हणाली, मग तिने फोन उचलायचंच सोडलं. मैत्रिणी पहिल्यांदा रोज व्हिडिओवर जमायच्या, हसायच्या, नाचायच्या. मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग एकेक करून सगळ्या गप्प झाल्या. हे मला तिनेच सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

तिचा माझा संबंध पुन्हा आला तो व्हिडिओवरूनच. मुलाला माझं तोंड बघायचं होतं आणि मला फोनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मास्तर म्हणाले, मासोळी शिकवेल. तिने शिकवलं, चिडली नाही की काही नाही. "आजी, अंगठा काढा, मला नुसता अंगठा दिसतोय." मग आम्ही असंच बोलायला लागलो. एक दिवस ती म्हणाली, "तुमचं बरं आहे, आजी. तुमचं सगळं करून झालंय."

मी भडकले. "म्हणजे आता मी जायला मोकळी, असं का गं?"

एरवी ती खो खो हसली असती. हसली नाही. "तसं नाही हो. काम, लग्न, मूल, भांडणं, तुमचं सगळं एकदा तरी झालं ना. तुमचं एक वर्ष वाया गेलं तर मागे किती आहेत. माझं पहिलंच सुरू होत नाहीये." मग थांबून म्हणाली, "जाऊ दे. अंगठा परत आला."

मी फोन ठेवला. माझा स्वभाव असा, की कुणी मला टोचून बोललं तर मी चार दिवस उत्तरं रचत बसते. या बोलण्याला उत्तरच सापडेना. पोरगी खोटं काय बोलली? व्हिडिओत तिच्या मागे पडदा ओढलेला होता, भर दुपारी. केसांच्या जटा झालेल्या. म्हटलं, हे लक्षण बरं नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी आकडे म्हटलेच नाहीत. "मास्तर, माझं राहू द्या. मासोळीकडे बघा जरा. पोरगी आतल्या आत कुढतेय."

"कोण, ती?" मास्तर चक्क हसले. "काकू, अहो, घरात सगळ्यात निवांत तीच आहे. रडणं नाही, आदळआपट नाही. दिवसभर शांत पडून असते. माझीच पोरगी ती! मी सगळ्या पोरांना काय शिकवतो? पाण्यात घाबरलात की हातपाय मारू नका. पाठीवर पडा, अंग सैल सोडा, हलू नका, कुणीतरी येतंच. तिने ते बरोबर उचललंय बघा."

"अहो, ती पाण्यात नाही, घरात आहे! घरात कोण येणार तिला काढायला?"

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता. तरुण रक्त आहे, तिला काय होतंय? हा रोग तुमच्या वयाला धरतो. आकडे म्हणा बरं."

मग मात्र माझं डोकं सटकलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय तुमचा! साऱ्या गावाच्या म्हाताऱ्यांच्या छात्या तपासता, स्वतःच्या घरात बघा की!" ते दुखावले. म्हणाले, "तिच्या आईच्या कानावर यातलं काही घालू नका, ती तिकडे मढ्यांच्यात उभी आहे." आणि फोन ठेवला. पुढचे काही दिवस माझी हजेरी म्हणजे नुसते आकडे. झोप-जेवणाचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

मासोळीला मात्र मी रोज फोन करू लागले. काहीतरी निमित्त काढून. आवाज येत नाही, चित्र उलटं दिसतंय, काहीही. तिला ते कळत होतं, दगड थोडीच होती ती. पण तिचं बोलणं दिवसेंदिवस आटत गेलं. आधी दोन वाक्यं, मग एक, मग नुसतं "ठीक आहे, आजी." ते ठीक आहे ऐकलं की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. मी तिची कोण? ना नात्याची ना गोत्याची. आणि समजा मीच चुकत असले तर? म्हातारीला सगळीकडे मरणच दिसतं, म्हणाले असते लोक. असं करत मी दिवस काढले.

मग एक दिवस दुपारी तिचाच फोन आला. आपणहून. आवाज हलका, मोकळा. कितीतरी दिवसांनी असा आवाज ऐकला म्हणून मी आधी खूश झाले, हे मुद्दाम सांगते.

"आजी, तुमचं व्हिडिओचं सगळं मी तुमच्या मुलाला नीट लिहून पाठवलंय. अडलं तर तो सांगेल. बाकीच्या आज्यांचंही करून ठेवलंय."

"का गं? तू कुठे निघालीस? नोकरीचं बोलावणं आलं की काय?"

"नाही हो." मग म्हणाली, "तुम्ही छान पोहता, आजी. त्रास दिला मी तुम्हाला लहानपणी." आणि फोन बंद.

असं कोण बोलतं? असं बोलतं ते माणूस, जे घरातलं एकेक आवरून ठेवतंय. मी परत लावला. उचलला नाही. मास्तरांना लावला. नुसती रिंग जातेय. वेळ पंपाची होती, आणि पंपाच्या खोलीत कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. कॅशियरबाईला म्हटलं, तू दोघांनाही लावत राहा, थांबू नकोस. आणि पायांत चप्पल अडकवून मी बाहेर पडले.

तलाव माझ्या घरापासून दोन गल्ल्या. तेवढ्यात मला घाम फुटला. कोपऱ्यावर पोलीस आडवा आला. "आजी, तुमच्या वयाच्यांनी बाहेर पडायचं नाही."

"माझ्या वयाचं नंतर बघ, बाबा. एकवीस वर्षांच्या पोरीचा प्रश्न आहे, सोड!" माझं तोंड बघून त्याने सोडलं. रस्ता मोकळा, सगळ्या खिडक्या बंद, आणि मी तोंडावरची पट्टी ओढत, गुडघा धरत धावतेय. धावतेय कसली, फरफटतेय. मनात एकच, उशीर नको व्हायला, उशीर नको.

गेटला साखळी. मी ती धरून गदागदा हलवली आणि बोंब ठोकली. "मास्तर! अहो मास्तर!" किती वेळ कुणी येईना. शेवटी पंप थांबला आणि मास्तर हातात जाळी घेऊन बाहेर आले. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्यासाठी, बरं का. माझ्या काळजीने! त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि जोरात फुंकली, काठावर पळणाऱ्या पोरावर फुंकतात तशी. "मागे व्हा! वेड लागलंय का, काकू? कुणी सांगितलं बाहेर पडायला? घरी चला आधी!"

इतक्या वर्षांत मी त्यांना अहो-जाहो सोडलं नव्हतं. त्या दिवशी सुटलं. "अरे, माझ्यावर शिट्टी कसली मारतोस! पोरीचा फोन आला होता, सगळ्यांचा निरोप घेतेय ती. पळ!"

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग जाळी तिथेच टाकली, गेट उघडलं आणि मला तसंच मागे सोडून पळाले. मी पोचले तेव्हा ते आतल्या खोलीच्या दारावर थापा मारत होते. आतून कडी.

"मासोळी! बाळा, दार उघड."

आतून आवाज आला, अगदी नेहमीचा. "ठीक आहे, पप्पा."

आणि मास्तर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काय सुटका होती! "बघा. ठीक आहे म्हणतेय." दारावरचा हात त्यांनी खाली घेतला. मला तेव्हा त्यांचा राग आला नाही, कीव आली. त्या माणसाला ते खरं हवं होतं हो. दार तोडायला गेलो आणि आत खरंच काही असलं तर काय, हीच भीती होती त्यांना.

माझी छाती भात्यासारखी चालली होती. मी दाराला टेकून खालीच बसले. "मासोळी," मी म्हटलं, "तुझं ठीक असेल. माझं नाहीये. मला धाप लागलीय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. पाणी दे गं."

हे नाटक नव्हतं. पण तशीच वेळ आली असती तर मी नाटकही केलं असतं.

आत खुर्ची सरकली. मास्तर श्वास धरून उभे. मग कडी निघाली आणि पोरगी बाहेर आली, हातात पाण्याची बाटली. अंगावर केव्हाचे तेच कपडे, डोळे खोल गेलेले. माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि बाटलीचं झाकण उघडायला लागली. झाकण काही निघेना. मी तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

मास्तर आत गेले. टेबलावर काय होतं ते मी सांगत नाही. त्यांनी ते गोळा केलं, खिशात घातलं आणि खिसा हाताने दाबून धरून बाहेर आले.

मी मास्तरांना तिच्या आईला फोन लावायला लावला. ती संध्याकाळपर्यंत डॉक्टरला घेऊन आली. पुढे औषधं, बोलणी, चार पावलं पुढे तीन मागे, हे कितीतरी महिने चाललं आणि पोरगी त्यातून निघाली. पण आई यायच्या आधी त्या दारात जे झालं, तेवढंच मला सांगायचंय. कारण त्या दिवसापासून मला कुणी ठीक आहे म्हटलं की मी जागची हलत नाही.

मास्तर म्हणाले, "मला सांगायचं नाही का गं? एवढं मनात ठेवून बसलीस, एका शब्दाने सांगायचं नाही?"

तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "पप्पा, मला आत सगळं ऐकू यायचं. रोज अकराला. काकू झोप झाली का, काकू जेवलात का, काकू मन लागतंय का. मी भिंतीला पाठ लावून ऐकत बसायचे. मला वाटायचं, यांचं सगळ्यांचं झालं की मग माझा नंबर असेल. मग तुम्ही पंपावर निघून जायचात."

मास्तर भिंत धरून हळूहळू खाली आले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. मग आमच्याशी फोनवर बोलायचे त्याच पद्धतीने, पण कुणा परक्याच्या आवाजात म्हणाले, "झोप झाली का?"

"नाही."

"जेवलीस का?"

"नाही."

"मन..." ते तोंडावर पालथा हात दाबून बसून राहिले.

पोरगी वाट बघत होती. मग तिने त्यांचा तो हात तोंडावरून बाजूला केला.

"विचारा ना, पप्पा," ती म्हणाली.